ओकला कोण सांगणार

हिनर्क ल्यूरमान मेलेले नाहीत ही बातमी ओकच्या झाडाला कोणी आणि कोणत्या तोंडाने सांगायची, यावरून त्या रविवारी ल्यूरमानांच्या स्वयंपाकघरात जे रामायण झालं, तसं ते घर बांधल्यापासून झालं नसेल. आणि घर बांधून दोनशे वर्षं झाली होती.

सगळ्याच्या मुळाशी आल्विना आत्या. हिनर्कची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही, त्यामुळे हुकूम गाजवायला एक नवरा कमी पडला, तो तिने बाकीच्या घरावर वसूल केला. मंगळवारी दुपारी इस्पितळातून फोन आला, की न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत उतरलाय, रात्र निघेल असं वाटत नाही, घरच्यांनी येऊन जावं. हिनर्कची मुलगी गेशे हातातली दुधाची बादली होती तिथे ठेवून गाडीकडे धावली. आत्या मात्र शांतपणे उठली, तिने काळी शाल काढली, झटकली, आणि निघाली ती इस्पितळाकडे नाही, कुरणाकडे.

आमच्याकडची रीत अशी, की घरचा मालक गेला की सूर्य मावळायच्या आत कोणीतरी ओककडे जायचं, बुंध्यावर तीनदा ठोकायचं आणि सांगायचं, 'मालक गेले. आता तुझा मालक अमुक.' न सांगितलं तर झाड वर्षात वाळतं आणि त्याच्या मागोमाग घर. ल्यूरमानांचा ओक पाच माणसांच्या कवेत मावत नाही. वीज पडून त्याचा शेंडा गेलाय, पोटात एवढी पोकळी झालीय की पावसात तीन वासरं आरामात आत उभी राहतात. पण वाळला म्हणून कधी नाही, कारण त्याला दर वेळी वेळेवर सांगितलं गेलं. मृत्युपत्रबित्र या घरात कोणी करत नसे. ओकला ज्याचं नाव सांगितलं तो मालक. वकील मागाहून येऊन तेच कागदावर उतरवून द्यायचे.

"पण ते गेले नव्हते ना," गेशेने तिला बुधवारी विचारलं होतं.

"जाणार होता," आत्या म्हणाली. "बुधवारपासून पाऊस सांगितला होता. माझे गुडघे हे असे. एवढा चिखल तुडवत मी जाणार होते का? आणि हिनर्क जन्मात कुठे वेळेवर पोचलाय? म्हटलं, त्याच्यासाठी थांबले तर माझंच सांगायची पाळी येईल."

तर आत्याने ओकला आगाऊ सांगून टाकलं. घरी येऊन लोण्याच्या केकचे चार मोठे ट्रे भाजले. आमच्याकडे लग्नाला आणि मयताला हाच केक असतो, पाहुणा हातात तुकडा घेऊन मगच चेहरा कोणता करायचा ते ठरवतो. मग तिने ब्रेमेनला वेर्नरला फोन लावला आणि सांगितलं, की रीतीप्रमाणे थोरल्या मुलाचं नाव दिलंय, आता तू मालक, काळा टाय घेऊन ये.

बुधवारी सकाळी हिनर्क यांनी नर्सकडे तळलेली दोन अंडी मागितली. शनिवारी ते घरी आले.

आणि आता रविवार, दुपारचे चार. टेबलावर कॉफी आणि मयताचा केक, भोवती सगळं घर. फक्त टेबलाच्या टोकाची हातांची खुर्ची रिकामी. हिनर्क शेगडीजवळच्या बाकावर बसले होते, जिथे एरवी मांजर आणि भिकार पाहुणे बसतात.

"बाबा, खुर्चीवर बसा," गेशे तिसऱ्यांदा म्हणाली.

"मी मेलेला माणूस," हिनर्क म्हणाले. "मेलेल्याने मालकाच्या खुर्चीत बसू नये. केक दे अजून एक. बदाम मोजून घातलेत वाटतं?"

"बदाम होते तेवढे घातले," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी कोण दुकानात धावणार होतं?"

"माझ्याच मयतासाठी धावायला हवं होतं. एकदाच असतं ते."

शनिवारपासून त्यांचं हे असंच चाललं होतं. मालक शनिवारी मोठ्या घड्याळाला चावी देतो, त्यांनी दिली नाही, घड्याळ अडीचला बंद पडलं. शेजारचा बोडे वळूबद्दल विचारायला आला, तर त्याला फाटकातूनच सांगितलं, की मी वारलोय, मालकांना विचारा. बोडेने 'बरं' म्हणून टोपीला हात लावला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं. तोवर सगळ्या गावाला कळलं होतं म्हणा. सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी हिनर्कचा हात जरा जास्तच वेळ दाबून पाहिला होता.

गेशेला यात काही हसू येत नव्हतं. तिला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची अकरा, बाबांच्या कंबरेचं हाड मोडल्यापासून, ती ही शेती एकटीने ओढत होती. एकटीने म्हणजे तिचा नवरा उवे होता बरोबर, पण उवे हा मदत करणारा होता, ठरवणारा नव्हे. बत्तीस गाई, त्यांची नावं, त्यांचे आजार, कुठल्या कुरणात कधी पाणी साचतं, सगळं तिच्या डोक्यात. आणि मंगळवारी आत्याने एका फेरीत सगळं वेर्नरच्या नावावर केलं होतं. बाबा आज ना उद्या जातील, तेव्हा ओकला आधीच सांगितलेलं नाव तसंच उभं असेल, आणि या गावात त्याच्यावर कोणी ब्र काढणार नाही. हे उलटवायचं तर आज, बाबा समोर बसलेत तोवर. तिला हे पक्कं माहीत होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. बापाच्या जिवंतपणी शेत मागायचं म्हणजे बापाला 'कधी जाताय' विचारण्यासारखं. आमच्याकडे तसं कोणी विचारत नाही.

म्हणून ती म्हणाली ते एवढंच, "काही असो, ओकला खरं सांगायला हवं. चूक झाली म्हणून."

"कोण सांगणार?" आत्याने विचारलं.

"ज्याने सांगितलं त्याने."

"मी? दोनशे वर्षांत या घरातलं कोणी ओकशी खोटं बोललेलं नाही."

"तू बोललीस की आत्या, मंगळवारी."

"मी खोटं नाही बोलले. मी लवकर बोलले."

उवेने कॉफीत साखर घातली आणि अगदी हळू ढवळली. भांडण सुरू झालं की तो आवाज न करता खात राही, लग्नापासूनची सवय.

वेर्नरने घसा साफ केला. वेर्नर पन्नाशीचा, ब्रेमेनमध्ये धुलाईयंत्रं विकायचा. अठराव्या वर्षी घर सोडलं ते गाईंनी शिंका येतात म्हणून. बुधवारी आला तेव्हा खरोखर रडत आला होता बिचारा, टाय उलटा बांधलेला. पण त्यानंतरच्या चार दिवसांत त्याच्यात काहीतरी शिरलं होतं. हात पाठीमागे बांधून तो कोठाराला फेऱ्या मारायचा. काल तर टेप घेऊन गोठ्याची लांबी मोजली, शिंकत शिंकत.

"मला वाटतं," तो म्हणाला, "झाडाला उगाच दोनदोनदा कशाला त्रास द्यायचा. सांगून झालंय. बाबा आहेतच, छान आहेत, देव करो शंभर वर्षं राहोत. आणि पुढे वेळ येईल तेव्हा ते काम आधीच झालेलं असेल. सोय आहे उलट."

"सोय कोणाची?" गेशे म्हणाली.

"सगळ्यांची."

"रीत रीतच असते," आत्याने मान हलवली. "थोरला मुलगा. वेर्नर बरोबर बोलतोय."

इथवर आत्या पूर्ण वेर्नरकडे होती. त्याच्या ताटलीत तिने कडेचा, जास्त लोण्याचा तुकडा ठेवला. गेशेला मधला कोरडा आला होता. ल्यूरमानांच्या घरात कोण कोणाकडे आहे हे केकवरून कळतं.

हे सगळं तिथेच थांबलं असतं तर आज वेर्नर मालक असता. पण त्याची बायको इंगेबोर्ग ही बोलकी बाई, शहरातली, आणि आपल्याकडे वारा फिरलाय हे पाहून तिला राहवेना.

"आम्ही काही गाई लगेच काढणार नाही हं," ती गेशेच्या हातावर हात ठेवून म्हणाली. "सावकाश. शहरातले लोक घोडे ठेवायला जागा शोधत असतात. रविवारी येतात, घोड्यावर बसतात, जातात. गोठ्यात वीस घोडे आरामात राहतील, वेर्नरने मोजलंय. तू आणि उवे इथेच राहा की, घोड्यांनाही कोणीतरी लागतंच. फक्त खोगिरं ठेवायला एक कोरडी खोली हवी, दाराजवळ. आत्याबाईंची खोली आहे ना, ती अगदी सोयीची आहे."

आत्याने कप बशीत ठेवला.

"खोगिरं," ती म्हणाली.

"वरची खोली तुम्हाला छान होईल. उजेड आहे."

"वर सतरा पायऱ्या आहेत."

"व्यायाम होईल."

आत्याने केकचा ट्रे उचलला, इंगेबोर्गच्या समोरून ओढत नेला आणि गेशेच्या पुढ्यात ठेवला. मग कडेचा तुकडा कापून स्वतःच्या हाताने तिच्या ताटलीत घातला. उवेने हे पाहिलं आणि चावायचं थांबवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण गेशेच्या ताटलीत कडेचा तुकडा तो आज पहिल्यांदा पाहत होता.

"हिनर्क," आत्या म्हणाली, "मंगळवारी मी घाई केली असेल कदाचित."

"कदाचित," हिनर्क म्हणाले.

"म्हणजे नावाच्या बाबतीत. तू मरणार होतास याबद्दल माझं काही चुकलं नाही. चुकला असशील तर तू."

"मग जाऊन सांग."

"काय सांगू? की मेलेला परत आलाय? असं कधी कोणी झाडाला सांगितलंय का? उद्या खरंच गेलास तर ते विश्वास ठेवील का माझ्यावर?"

खरंच, रीतीत यासाठी काही सोयच नव्हती. ल्यूरमान एकदा गेले की राहायचे गेलेलेच.

हिनर्क बाकावरून सरकले आणि त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. गेशेला वाटलं आता ते संपवतील हा तमाशा, खुर्चीत जाऊन बसतील आणि नेहमीसारखं काहीच न बोलता सगळं तिथेच अडवून ठेवतील. पण ते वेर्नरकडे वळले.

"मालक," ते म्हणाले.

वेर्नर लाजला. "काय हो बाबा."

"नाही, तुम्ही मालक, मी विचारायलाच हवं. खालच्या कुरणातलं शेवटचं गवत सोमवारी कापायचं की बुधवारी?"

"खालचं कुरण म्हणजे... ते गेशेला विचारा."

"बरं. लॉटेचं वासरू पोटात आडवं आहे म्हणतात. डॉक्टर आज बोलवायचा की वाट पाहायची?"

"लॉटे कोण?"

"गाय," उवे म्हणाला. त्या दुपारचा त्याचा हा पहिला शब्द.

"हां. ते... गेशेला माहीत असेल."

"असेल. बोडेला वळू द्यायचा का? मागच्या वर्षी त्याने लंगडा परत आणला होता."

वेर्नरने टाय सैल केला. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी गेशेला पाठीवर घेऊन त्याने अख्खं गाव पालथं घातलं होतं, अजूनही नाताळात तिच्यासाठी यंत्रांचे सुटे भाग गुपचूप आणायचा. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या केकच्या चुऱ्याकडे.

"बाबा," तो म्हणाला, "मला इथे कशाचंच उत्तर येत नाही."

"वेर्नर," इंगेबोर्ग म्हणाली.

"नाही येत, इंगे. आणि मला इथे झोपही लागत नाही. चार दिवस नाक बंद आहे."

हिनर्क यांनी मान हलवली. आता ते गेशेकडे पाहत होते, आणि ही नजर तिला ओळखीची होती. अकरा वर्षं ते तिच्याकडे असेच पाहत आले होते, कुंपणाशी उभे राहून, ती काम करत असताना, एक अक्षर न बोलता. तिला नेहमी वाटायचं की ते तिच्या चुका मोजतायत.

"आणि तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"ओकला खरं सांगायला हवं—"

"ओकचं नाही विचारलं. तुला काय हवंय ते विचारलं."

गेशेच्या कानापर्यंत रक्त चढलं. उवेने टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता ती गप्प बसली असती, तर पुढची पंचवीस वर्षं कशी गेली असती हे तिला त्या एका क्षणात स्पष्ट दिसलं. घोडे, खोगिरं आणि ती त्यांच्या मागे फावडं घेऊन.

"शेत हवंय मला," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, मांजर बाकाखाली गेलं. "हे घर हवंय, गाई हव्यात, तो ओकही हवाय. अकरा वर्षं मी इथे मजूर म्हणून राबले नाही, मालकीण म्हणून राबले, फक्त कोणी म्हटलं नाही तसं. इस्पितळात तुमचा हात धरून बसले होते तेव्हा मी देवाला म्हणत होते की यांना वाचव, आणि दुसरीकडे मनात येत होतं, की गेले तर माझं काय. लाज वाटली मला स्वतःची. तुम्हाला कळतं का किती लाज वाटली?"

आत्या डोळे पुसू लागली, केकच्या रुमालाने.

"मग बोलली का नाहीस कधी?" हिनर्क म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"मी काही बोललो नाही, म्हणजे कबूल होतं ना. नापसंत असतं तर बोललो नसतो का? अकरा वर्षांत मी तुला एकदा तरी म्हटलं, की हे चुकलं?"

गेशे तोंड उघडं टाकून बापाकडे पाहत राहिली. खरंच म्हटलं नव्हतं. दारूचा प्याला पुढे आला आणि माणूस गप्प राहिला तर आमच्याकडे तो भरतात, मागणी घालायला गेलं आणि मुलीचा बाप गप्प राहिला तर लग्नाची तारीख धरतात. सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट आपल्या बापाला लावायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ती अकरा वर्षं ज्याला नकार समजत होती, तो होकार होता.

"मला वाटायचं तुम्ही माझ्या चुका मोजताय," ती म्हणाली.

"तुझ्यामागे बघत उभा राहायचो. दुसरं काम काय होतं मला?" हिनर्क उठले. "चला. उजेड आहे तोवर जाऊ."

"आणि मी काय सांगू त्याला?" आत्या म्हणाली.

"मालक गेले असं सांगितलंस ना? ते खरंच आहे. मालक गेला. हिनर्क राहिला, तो काही तुझ्या निरोपात नव्हता. नाव तेवढं चुकलं, ते दुरुस्त कर."

आत्याने थोडा विचार केला. "नाव चुकणं वेगळं," ती म्हणाली. "नाव कोणाचंही चुकतं." आणि शाल आणायला गेली.

उवेने ट्रॅक्टरला दुधाच्या कॅनची गाडी जोडली. तिच्यात आत्या आणि हिनर्क बसले, पाठीला पाठ लावून, कारण एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं निघताना पुन्हा ठरलं होतं, बदामांवरून. बाकीचे मागून चालत. इंगेबोर्गच्या रविवारच्या बुटांचा चिखलात पार सत्यानाश झाला. पण ती परत फिरली नाही, उलट अर्ध्या वाटेत तिने गेशेचा दंड धरला आणि म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही ग की तुला हवंय." गेशे म्हणाली, "मीच कोणाला सांगितलं नव्हतं." वेर्नर दोन वेळा शिंकला. कुरणातल्या गाई चरायचं थांबवून वरातीकडे बघत राहिल्या.

ओकखाली पाचोळ्यात मिसळून अंगठ्याएवढ्या बियांचा थर पडला होता, पायाखाली कुडकुडणारा. आत्याला दोघांनी धरून उतरवलं. तिने शाल सारखी केली, बुंध्यावर तीनदा ठोकलं.

"मी आल्विना," ती म्हणाली. "मंगळवारी आले होते ती. नाव चुकलं माझं. वेर्नर नव्हे." मग तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आवाज जरा खाली आणला. "बाकीचं बरोबर होतं, थोडंफार."

"आता नाव सांग," वेर्नर म्हणाला.

"थांब," हिनर्क म्हणाले. "ते तिने स्वतः सांगायचं."

"अशी रीत नाही," आत्या म्हणाली.

"आल्विना, तू मी मरायच्या आधीच सांगितलंस तेव्हा रीत कुठे होती? या पोरीला गप्प बसायची सवय लागलीय, आणि ती माझ्यामुळे. तिला बोलू दे."

गेशे पुढे झाली. साल ओली आणि खरखरीत होती. तिने तीनदा ठोकलं, पण सुचेना काही. मागे सहा जण श्वास धरून उभे, असं तिला वाटलं, मग लक्षात आलं की पाचच आहेत, सहावी एक गाय जवळ आली होती.

"मी गेशे," ती म्हणाली. "हिनर्कची मुलगी." तिला रडू आलं, आणि रडतच ती पुढचं म्हणाली, पण मोठ्याने म्हणाली, बोडेच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्याने. "आता मी मालक आहे."

झाड आपलं उभं होतं. वाऱ्याने दोनचार बिया खाली पडल्या.

ती वळली. हिनर्क काठीवर भार देऊन उभे होते, आणि त्यांनी टोपी काढली होती. चर्चमध्ये आणि अंथरुणात सोडून ती टोपी त्यांच्या डोक्यावरून उतरलेली गेशेने पाहिली नव्हती. पांढरे विरळ केस वाऱ्यावर उडत होते. नव्या मालकासमोर घरच्या पुरुषांनी टोपी काढायची, ही रीत तिला माहीत होती. ती बापाने आपल्यासाठी पाळावी हे मात्र तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. वेर्नरच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून त्याने टाय काढला. उवेने आपली काढली आणि छातीशी धरली.

"डोकं झाक हिनर्क," आत्या म्हणाली. "नुकताच मेला होतास."

हिनर्क यांनी ऐकलं नाही. आत्याचं त्यांनी सत्तर वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, तसं ते कोणाचंच ऐकायचे नाहीत. ते तसेच उघड्या डोक्याने मुलीकडे बघत राहिले.

गेशेने बाहीला नाक पुसलं.

"बाबा," ती म्हणाली, "टोपी घाला. वारा आहे."

आणि बाबांनी मुकाट्याने टोपी घातली.